आईचा हौद हिवाळ्यात कोमट कसा ठेवला

२०२२ च्या पावसाळ्यात आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालणं सुरू झाल्यावर फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला पाण्यात चालायला सांगितलं. छातीभर पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. नाशिकजवळच्या आमच्या घरामागे दादाने हौसेने बांधलेला स्विमिंग पूल होताच. घरात सगळे त्याला हौद म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणते. सप्टेंबर, ऑक्टोबर आई रोज उतरली. पायऱ्या चढताना कठड्याला धरणं सुटलं. नोव्हेंबरच्या अखेरीला पाणी १९ अंशांवर आलं आणि तिचं उतरणं बंद पडलं. जानेवारीत मी थर्मामीटर सोडला तर १७.५. फेब्रुवारी संपेपर्यंत पाय पुन्हा आखडले होते. पुढचा हिवाळा असा जाऊ द्यायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. महाराष्ट्र म्हटलं की घाम, असंच लोकांना वाटतं. पण राज्यातलं सर्वांत कमी तापमान म्हणून बातम्यांत अनेकदा निफाडचं नाव येतं आणि निफाड आमच्याच जिल्ह्यात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८ ते १० अंश, दुपारी २८. ऊन भरपूर, हवा कोरडी, रात्र गारठलेली. या तिन्ही गोष्टींचा पुढे संबंध येतो.

हौद ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४०,००० लिटर पाणी. एवढं पाणी एका अंशाने तापवायला विजेच्या मापात ४६.५ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. हा आकडा मी पंप असलेल्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता, कारण ज्याने-त्याने सुचवलेला उपाय या एका आकड्यावर तपासता येतो. १८ वरून २८ वर न्यायचं तर ४६५ युनिट, आणि तेही एकदाच. रात्रीत जे थंड होईल ते दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचं.

आलेल्या सल्ल्यांपैकी काही असे. एका विक्रेत्याने १८ किलोवॉटचा इलेक्ट्रिक हीटर सुचवला. तो सलग २६ तास चालला तर दहा अंश चढणार, त्यासाठी घराचा मंजूर वीजभार वाढवावा लागणार, आणि युनिटला १० रुपये धरले तरी पहिल्या तापवणीचेच साडेचार हजार. दादाच्या मित्राने गॅस गीझरची कल्पना मांडली. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून पाण्यापर्यंत १९० युनिटच्या आसपास पोचतात, म्हणजे एका तापवणीला जवळजवळ अडीच सिलिंडर. मामा म्हणाले, मोठा बंब करून घ्या, लाकूड काय घरचंच. वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे साधारण ४ युनिट, त्यातले निम्मे धुराड्यातून जाणार. ४६५ युनिटांसाठी सव्वादोनशे किलोंपेक्षा जास्त लाकूड आणि दोन दिवस धूर. शेजारच्या काकांनी त्यांच्या गच्चीवरच्या सोलरसारखा ३०० लिटरचा सोलर बसवायला सांगितलं. तो दिवसाला बारा युनिट देईल, हौद पाव अंशाने चढेल. पाण्यात हीटिंग रॉड सोडा, असंही एकाने सुचवलं. त्यावर मी हिशेबसुद्धा केला नाही. माणूस उतरणार त्या पाण्यात रॉड सोडणं म्हणजे जीव घालवणं आहे.

हीट पंप हा एकच सल्ला खरोखर विचार करण्यासारखा होता. तो वीज जाळून उष्णता तयार करत नाही, हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, त्यामुळे एका युनिट विजेत चार-साडेचार युनिट उष्णता मिळते. आम्हाला आलेलं कोटेशन २,३५,००० रुपयांचं होतं. तेवढे पैसे त्या वर्षी नव्हते.

आणि एक प्रयोग आधीच फसलेला होता. जानेवारी २०२३ मध्ये दादाने ठिबक सिंचनाच्या १६ मिलिमीटर काळ्या नळीचं, म्हणजे लॅटरलचं, ४०० मीटरचं अख्खं बंडल आणलं, अंगणात उन्हात पसरलं, एक टोक नळाला आणि दुसरं हौदात. नळ जरासाच उघडा ठेवला की दुसऱ्या टोकातून चटका बसेल असं पाणी यायचं. आम्ही सगळे हात लावून खूश. मी मोजलं ते तिसऱ्या दिवशी. पाणी ४७ अंश, पण मिनिटाला एक लिटर. पाच तासांत ३०० लिटर, म्हणजे दहा युनिटदेखील नाहीत. हौदाला पाव अंशाचाही फरक नाही. त्यात चूक नळीची नव्हती. नळीतलं पाणी जितकं जास्त तापतं तितकी नळी आपली उष्णता आजूबाजूच्या हवेत घालवते. हौदासाठी ऊन गोळा करायचं तर पाणी भराभर फिरलं पाहिजे आणि परत येताना ते जेमतेम कोमट लागलं पाहिजे. बहुतेकांचा घरगुती प्रयोग इथेच फसतो, कारण हाताला गरम लागलं की काम होतंय असं मनापासून वाटतं.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, मी आधी मोजायला बसले. हौदाच्या दुसऱ्या पायरीवर प्लास्टिकची बादली ठेवली, तळाशी दोन विटा, आणि आतलं पाणी बाहेरच्या पातळीएवढं भरलं. दोन्हीकडे मार्करने रेघ. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाहिलं तर बादलीतलं पाणी ५ मिलिमीटर खाली आणि हौदातलंही ५ मिलिमीटर. दोन्ही सारखं उतरलं म्हणजे गळती नाही, जे गेलं ते वाफ होऊन गेलं. ३२ चौरस मीटरवर ५ मिलिमीटर म्हणजे १६० लिटर.

हा आकडा पाहून मी बराच वेळ त्या पायरीवर बसून होते. एक लिटर पाणी उडून जाताना एवढी उष्णता घेऊन जातं की तेवढ्यात साधारण ५८० लिटर पाणी एका अंशाने गार होतं. माठ याच गुणावर चालतो. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी कोरड्या हवेत उडतं आणि आतलं गार करतं, म्हणून माठ वाऱ्यावर ठेवतात. आमचा हौद म्हणजे तोंड सताड उघडं असलेला, वाऱ्यावर ठेवलेला, ४०,००० लिटरचा माठ होता. रोजचे १६० लिटर जाताना १०८ युनिट घेऊन जात होते. विजेच्या भावाने रोज हजार रुपये. कुठल्याही कोटेशनमध्ये झाकणाचा शब्द नव्हता, हे मला आजही खुपतं. उघड्या हौदाला हीटर लावणं म्हणजे माठाखाली चूल पेटवणं.

मग क्रम ठरला. आधी उष्णतेचं जाणं थांबवायचं, मग फुकटचं ऊन अडत असेल तर मोकळं करायचं, आणि उरलेली तूट नळीने भरायची.

झाकणासाठी ४०० मायक्रॉनची निळसर बबल शीट मागवली, मापाने कापून ११,५०० रुपये. फुगे पाण्याच्या बाजूला ठेवायचे असतात. शेतात वापरतात ती हिरवी शेडनेट आधी टाकून पाहिली होती. ती ऊन अडवते आणि वाफ जाऊ देते, दोन्ही उलटंच. जाड ताडपत्री वाफ अडवते, पण दिवसाचं ऊनही अडवते. बबल शीटमधून बरंचसं ऊन आत जातं आणि वाफ मात्र अडते. पहिल्या सकाळी शीटचा कोपरा उचलला तर खालच्या बाजूला थेंबच थेंब, भाताच्या पातेल्यावरची झाकणी उचलल्यावर असतात तसे. ते टपटपत परत हौदातच पडले. रात्रीत पाणी आधी अडीच-तीन अंश उतरायचं, आता सव्वा अंश.

पण आठवड्यात झाकण घालणं बंद पडलं. ८ मीटरची ओली शीट एकट्या माणसाला ओढवत नाही. दादा आणि मी दोघेही कामावर, वहिनी शाळेत. आई म्हणाली, "अगं, हे काढायला-घालायला दोन माणसं लागणार असतील तर मी रोज कुणाची वाट बघू?" बरोबर होतं तिचं. मी शीट मधोमध कापून ४ बाय ४ मीटरचे दोन तुकडे केले, कडेला नायलॉनची पट्टी शिवून घेतली आणि धरायला दोरीच्या कड्या. आता ती एक तुकडा स्वतः ओढून काढते, दुसरा शेजारची सुनबाई काढून देते. मधल्या फटीतून थोडी वाफ जाते, जाऊ दे. रोज घातलं जाणारं फट असलेलं झाकण चांगलं.

उन्हाचा घोटाळा मला मोजल्याशिवाय कळला नसता. हौदाच्या दक्षिणेला सिल्व्हर ओकची रांग आहे, तीस फूट उंच. हौद बांधून झाला तो मे महिन्यात, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सावली झाडांच्या बुंध्याशीच पडते. डिसेंबरात मात्र नाशिकला भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच असतो. तीस फूट झाडाची सावली अठ्ठावीस फूट लांब. म्हणजे ज्या महिन्यांत ऊन हवं, नेमकं त्याच महिन्यांत अर्धा हौद दुपारभर सावलीत. हौदाचा पृष्ठभाग हाच आपल्याकडचा सगळ्यात मोठा सोलर पॅनेल असतो, ३२ चौरस मीटरचा, पैसे न देता मिळालेला. झाडं तोडायची नव्हतीच. आडव्या फांद्या छाटून शेंडे उतरवले, २,५०० रुपये. दुपारचं ऊन पाण्यावर आलं.

वाऱ्याचं काम सोपं होतं. आमच्या जागेवर हिवाळ्यात गार वारा उत्तर-पूर्वेकडून येतो. त्या बाजूला द्राक्षबागेच्या कडेला लावतात तशी दाट जाळी जीआय पाइपवर बांधली, छातीएवढी उंच. ४,२०० रुपये. पाण्यावर लाटा उठणं थांबलं की वाफ कमी होते.

एवढ्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळचं पाणी २२ अंश दाखवू लागलं. आईला २५ हवं होतं.

नळीचं काम मध्येच अडकलं होतं. २६ नोव्हेंबरला जिल्ह्यात गारपीट झाली, द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. आमचं ठिबकचं काम करणाऱ्या भाऊंची स्वतःची बाग त्यात होती. ते दहा दिवस आले नाहीत आणि आम्हीही फोन केला नाही.

आले तेव्हा त्यांना मी कागदावर काढलेलं दाखवलं. हौदाशेजारी ट्रॅक्टरची पत्र्याची शेड आहे, दक्षिणेला उतार असलेली. ठिबकचं ड्रिपर नसलेलं साधं लॅटरल १,२०० मीटर घेतलं, मीटरला ९ रुपयांनी १०,८०० रुपये. त्याचे २० मीटरचे ६० तुकडे केले आणि प्रत्येकाची सपाट गुंडाळी केली, चकलीसारखी, वेढ्याला वेढा चिकटून. साठ चकल्या तारेने पत्र्यावर बांधल्या. खालच्या अंगाला एक ६३ मिलिमीटरची सबमेन, म्हणजे नळ्यांना पाणी वाटणारा जाड पाइप, वरच्या अंगाला दुसरी, आणि प्रत्येक चकलीचं एक टोक खालच्या पाइपला, एक वरच्या पाइपला, ग्रोमेट आणि टेकऑफ (नळी पाइपला बसवायचे छोटे जोड) लावून. म्हणजे पाणी एकामागून एक चकल्या फिरत नाही, साठ वाटांनी एकदम जातं. भाऊंना हे पटायला वेळ लागला नाही. बागेत प्रत्येक ओळीला सारखं पाणी जावं म्हणून ते आयुष्यभर हेच करत आले आहेत.

दोन-तीन बारकावे इथे लिहिते, कारण तेच कुणी सांगत नाही. पाणी खालच्या सबमेनमध्ये ज्या कोपऱ्यातून शिरतं, त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातून वरून बाहेर काढायचं, नाहीतर जवळच्या चकल्या सगळं पाणी पिऊन टाकतात आणि लांबच्या कोरड्या तापत राहतात. सगळ्यात उंच जागी एअर रिलीज व्हॉल्व्ह हवा. पंप बंद झाला की पाणी खाली उतरतं, हवा आत शिरली नाही तर नळ्या चपट्या होतात. पुरवठ्याच्या पाइपवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, हवा. आणि हे सगळं फिल्टरच्या पुढे जोडायचं, म्हणजे नळ्यांत कचरा जात नाही. हौदाचा एक अश्वशक्तीचा पंप आधीपासूनच रोज सहा तास फिल्टरसाठी चालायचा, पण रात्री. ती वेळ सकाळी दहा ते दुपारी चार केली. नळीसाठी वेगळी वीज जवळजवळ लागलीच नाही.

पहिल्या दिवशी दादाने परतीच्या तोंडाशी हात धरला आणि त्याचा चेहरा पडला. "हे तर गारच आहे." फरक जेमतेम एका अंशाचा होता, हाताला कळणारच नाही असा. पण मिनिटाला १२० लिटर येत होतं. चार वाजता हौद सकाळपेक्षा अडीच अंशाने वर होता, त्यातला एक अंश नळीचा, बाकी थेट उन्हाचा.

नळी १२ डिसेंबरला सुरू झाली. रात्री जेवढं जायचं, दिवसा त्याहून थोडं जास्त यायचं. असं करत २४ तारखेला संध्याकाळी २६ अंश झाले. जानेवारीभर पाणी २५ ते २६.५ च्या दरम्यान राहिलं. गेल्या जानेवारीतल्या १७.५ च्या जागी हे. तीन दिवस ढगाळ होतं तेव्हा २३.५ वर आलं, त्या दिवशी आई उतरली नाही. २८ अंश काही आम्हाला गाठता आले नाहीत. माप घेताना थर्मामीटर दोन फूट खाली सोडून पंप चालू असताना घेतलं, कारण झाकणाखालचा वरचा थर जास्त गरम असतो आणि तो आपल्याला फसवतो.

आणखी एक बदल फुकटातला. आई आधी सकाळी सातला उतरायची, सवयीने. सकाळी सातला पाणी दिवसातलं सगळ्यात गार आणि हवा १० अंश. तिची वेळ दुपारी चारची केली. पाणी दोन अंशांनी जास्त आणि बाहेर पडल्यावर अंगावर ऊन. तिचं मन वळवायला मात्र आठवडा लागला.

एकूण खर्च असा झाला: शीट ११,५००, छाटणी २,५००, जाळी ४,२००, नळी १०,८००, सबमेन आणि फिटिंग ७,६००, मजुरी ५,४००. बेरीज ४२,०००.

ज्यांच्या घरी कुणाला रोज ठरावीक वेळी ३० अंशांचं पाणी हवंच आहे, उपचारासाठी, त्यांनी हीट पंप घ्यावा, आणि तोही झाकण केल्यावर, म्हणजे लहान मशीन पुरतं. तीन दिवस ढग आले तर नळी काही देणार नाही, हे आधीच समजून घ्यायला हवं. जिथे दुपारचं ऊन पडतच नाही, उंच इमारतींच्या मधला हौद असेल, तिथेही नळीवर पैसे घालवू नयेत.

झाकणाबद्दल एक गोष्ट मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बबल शीट म्हणजे संरक्षक जाळी नाही. लहान मूल तिच्यावर पाऊल टाकेल तर शीटसकट खाली जाईल आणि वरून दिसणारही नाही. हौदाच्या बाजूने दार लावलेलं कुंपण पाहिजेच, आणि उतरण्याआधी दोन्ही तुकडे पूर्ण बाहेर काढायचे. अर्धी शीट ठेवून अर्ध्या भागात पोहायचं नाही. आमच्याकडे भाचरं आली की हा नियम आई स्वतः पाळून घेते. पाणी कोमट झाल्यावर शेवाळही लवकर धरतं, म्हणून क्लोरीन आता आठवड्याऐवजी दर दोन दिवसांनी तपासतो. जास्तीचं क्लोरीन टाकलं त्या दिवशी शीट काही तास काढून ठेवायची, नाहीतर फुगे कडक होऊन फुटतात.

एप्रिलमध्ये पाणी ३१ वर गेलं. आईने विचारलं, "दिवसा तापतं ना त्या चकल्यांत? मग रात्री सोडलं तर गार होईल का?" शीट गुंडाळून ठेवलेली होतीच. पंपाची वेळ पुन्हा रात्रीची केली. मोकळ्या आकाशाखाली तीच काळी नळी उष्णता बाहेर टाकू लागली. उघड्या पाण्याची वाफ आणि नळी मिळून पहाटेपर्यंत हौद दीड अंशाने उतरतो, त्यातला पाऊण अंश नळीचा. मे महिन्यात ती पुन्हा सकाळी सातला उतरायला लागली.